देणगीदारांची नोंद कुठं ठेवावी

पोरी, पुढच्या बैठकीत विश्वस्तांपुढं दोन कोटेशनं जाणार आहेत. एक ऑनलाइन सॉफ्टवेअरचं: दरवर्षी पैसे भरायचे, कुठूनही लॉगिन करायचं, नोंद त्यांच्या सर्व्हरवर राहणार. दुसरं आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसवून देण्याचं: पैसे एकदाच, नोंद आपल्याच खोलीत. बैठकीत पहिला प्रश्न येईल तो स्वस्त काय पडतं, हाच. त्याचं उत्तर तू सगळ्यात शेवटी दे. कोषाध्यक्षपद आता तुझ्याकडं आलं आहे, तेव्हा या निवडीत काय काय बघायचं ते सांगून ठेवतो.

आधी ३१ मे ही तारीख डोळ्यापुढं ठेव. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, मान्यता असलेल्या संस्थांना आयकर खात्याकडं देणग्यांचं विवरण दरवर्षी या तारखेपर्यंत भरावं लागतं, तो फॉर्म १०बीडी. देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, देणगी कायमनिधीची की इतर, रोख आली की बँकेतून की वस्तुरूपानं, आणि रक्कम, हे सगळं खात्यानं ठरवून दिलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये चढवायचं. त्यातून १०बीई हे प्रमाणपत्र निघतं आणि त्याच्या आधारावर देणगीदाराला करसवलत मिळते. आपण पावती दिली पण यादीत त्याचं नाव गेलं नाही, तर पुण्यात बसलेल्या माणसाची सवलत अडकते आणि पुढच्या वर्षी तो आपला फोन उचलत नाही. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, वर १०,००० पासून १ लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासारख्या वसतिगृहाच्या संस्थेत त्या पैशात मुलांचं किती दिवसांचं धान्य येतं, हिशेब तूच कर.

म्हणून दोन्ही कोटेशनवाल्यांना एकच काम सांग. आपल्या पावतीपुस्तकातल्या दहा पावत्या काढून दे. त्यांत एक चेकची, एक यूपीआयची, एक रोखीची, एक ज्वारीच्या पोत्यांची, एक नवरा-बायकोच्या जोडनावाची, एक मयत वडिलांच्या नावानं मुलानं दिलेली. आणि म्हण, माझ्यासमोर या नोंदवा आणि यातून खात्याची फाइल काढून दाखवा. छापील माहितीपत्रक वाचायचं नाही, फाइल बघायची. ज्याला हे जमत नाही, त्याचं सॉफ्टवेअर ऑनलाइन असो की मशीनवरचं, आपल्या कामाचं नाही.

फाइल निघाली की पुढचा प्रश्न विचार: कायदा बदलला तर ती फाइल कोण बदलणार, किती दिवसांत आणि किती पैशात? हा प्रश्न मोठा आहे. १९६१च्या आयकर कायद्याच्या जागी आता २०२५चा कायदा आहे आणि तो १ एप्रिल २०२६ ही तारीख धरून लागू होतो. कलमांचे, नमुन्यांचे क्रमांक अशा वेळी सगळेच हलतात. भारतातल्या संस्थांसाठी बनवलेल्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये कंपनी एकदा दुरुस्ती करते आणि ती सगळ्यांना एकदम मिळते. मशीनवरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती आणून बसवावी लागते, ती वार्षिक देखभालीच्या करारात धरलेली असेल तर ठीक, नाहीतर दर वेळी नवं बिल. आणि अमेरिकेत बनलेलं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलंस, तर आपल्या कायद्यासाठी त्यात काहीच बदलणार नाही. तुलाच दर मे महिन्यात यादी बाहेर काढून हातानं जुळवत बसावं लागेल.

ओळख क्रमांकाची गोष्ट आपल्या नंदुरबार जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभलीत दिलं गेलं. आपल्या गावातल्या देणगीदारांकडं पॅन असेलच असं नाही, आधार मात्र बहुतेकांकडं आहे. १०बीडीत पॅनशिवाय आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, शिधापत्रिका हेही प्रकार चालतात. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे प्रकार निवडायची सोय पाहिजे. फक्त पॅनचा रकाना असेल तर सुरतेचा व्यापारी त्यात बसेल आणि मोलगीचा शेतकरी बाहेर राहील. आपली संस्था त्या शेतकऱ्यानं मुठीमुठीनं उभी केली आहे, हे लक्षात ठेव.

आता नावांकडं ये. बाहेरचे सॉफ्टवेअरवाले इथं हमखास चुकतात. आपल्याकडं पाडवी, वळवी, वसावे, गावित, पावरा ही आडनावं यादीत किती वेळा येतात ते बघ. पहिलं नावही तेच, आडनावही तेच, गाव वेगळं. कित्येक सॉफ्टवेअरं नाव सारखं दिसलं की दोन नोंदी एक करून टाकतात आणि त्याला सोय म्हणतात. मोबाइल नंबरवरूनही ओळखू नये, कारण घरात एकच फोन असतो आणि त्यावर बाप, मुलगा, सून तिघांच्या पावत्या येतात. वडिलांचं नाव, गाव आणि पाडा हे रकाने वेगळे पाहिजेत, आणि प्रत्येक देणगीदाराला आपला स्वतःचा क्रमांक पाहिजे, जो सॉफ्टवेअर बदललं तरी बदलणार नाही. आपोआप एकत्र करण्याची सोय बंद ठेवता येते का, हे विचारून घे. ‘वसावे’ आणि ‘वसावा’, ‘पवार’ आणि ‘पावरा’ यांत सुरतेच्या किंवा पुण्याच्या मुलाला फरक कळणार नाही, तो तुलाच राखायचा आहे.

जुन्या याद्यांचंही एक काम आहे. आपल्या कितीतरी वर्षांच्या याद्या श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि नव्या सॉफ्टवेअरला ती नावं म्हणजे नुसती चिन्हं. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासावे लागतील. सॉफ्टवेअरवाला ‘डेटा चढवून देतो’ असं म्हणतो तेव्हा यातलं काय त्याच्या पैशात आहे, ते लेखी घे. माझं मत विचारशील तर हे काम बाहेर देऊच नकोस. संस्थेतल्या जुन्या माणसाला शेजारी बसव, नाव वाच, तो सांगेल हा कुणाचा मुलगा, कोणत्या पाड्यावरचा. हे ज्ञान कागदावर कुठंच नाही आणि ती माणसं कायमची राहणार नाहीत.

रेंजचा आणि विजेचा विचार कर, पण ऑफिसात बसून करू नकोस. शहाद्यात, नंदुरबारात ऑनलाइन सॉफ्टवेअर झकास चालतं. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडं वर चढलीस की फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा कमी होत जातात, आणि पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही गप्प होतो. विक्रेता म्हणेल, आमचं ॲप रेंज नसतानाही चालतं. चालत असेल. त्याला म्हण, चल धडगावच्या बाजारात आणि तिथं पाच पावत्या कर. आणखी एक गोष्ट तिथंच तपास: लॉगिन करताना ओटीपी येतो, तो रेंज नसलेल्या फोनवर येणार कसा? ॲप चालतं पण दारातून आतच जाता येत नाही, अशी गत होते. म्हणून डोंगरातल्या पावत्यांसाठी कार्बनचं पावतीपुस्तक कधी बंद करू नकोस. कार्यकर्त्यानं स्थळप्रती आठवड्याला खाली आणाव्यात आणि ऑफिसात नोंद व्हावी. पुस्तकाचा क्रमांक, पावतीचा क्रमांक आणि कुणाच्या हातात दिलं त्याचं नाव सॉफ्टवेअरमध्ये नोंदता आलं पाहिजे, म्हणजे फाटकी, रद्द, हरवलेली पावती लगेच कळते. वर्षअखेरीला सीए पहिलं हेच विचारतात.

मशीनवर बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे स्वतःचा ट्रॅक्टर. पेरणीच्या दिवशी कुणाची वाट बघायला नको, पण ड्रायव्हर आपला, डिझेल आपलं, आणि बिघडला तर मिस्त्री शोधणंही आपलंच. कोटेशनवर फक्त ट्रॅक्टरची किंमत असते. बाकीचं तू लिही: चांगला कॉम्प्युटर, यूपीएस, दर दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी, अँटिव्हायरस, दोन बाहेरच्या हार्डडिस्क, देखभालीचा करार, आणि सगळ्यात महाग म्हणजे हे सगळं पाहणारा माणूस. तो माणूस आपल्याकडं पगारावर आहे का? नसेल तर काय होतं सांगतो. गावातला एखादा हुशार मुलगा कॉलेजात असताना मनापासून सगळं बसवून देतो. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते, आणि लागलीच पाहिजे, त्याचं भलं व्हावं. मग एक दिवस विंडोज बदलतं, सॉफ्टवेअर उघडत नाही, पासवर्ड त्याला आठवत नाही, आणि मार्च महिना चालू असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वीजही नीट वागत नाही. वळवाच्या पावसात कडाडली की आधी जळतं ते ऑफिसातलं मशीन. बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवला असेल तर दोन्ही बरोबरच जातात.

फुकट सॉफ्टवेअरबद्दल तुला कुणीतरी नक्की सांगेल. खोटं नाही ते. सिव्हीसीआरएम २००५पासून आहे आणि जगभरच्या सामाजिक संस्था वापरतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टसोबत चालणारं सामाजिक संस्थांसाठीचं एक ॲप आहे, त्यात देणगीदार, सभासद आणि ८०जी प्रमाणपत्राची सोय केलेली आहे. दोन्ही मुक्त स्रोताची, परवान्याचे पैसे नाहीत. ती आपल्या मशीनवरही बसवता येतात आणि भाड्याच्या सर्व्हरवरही. हा दुसरा प्रकार नीट समजून घे, कारण कोटेशन देणारे तो बहुधा सांगत नाहीत. सॉफ्टवेअर आपलं, नोंद आपली, मशीन फक्त भाड्याचं. सर्व्हरवाला आवडला नाही तर सगळं उचलून दुसरीकडं नेता येतं. पण यालाही सांभाळणारा लागतो. नाशिक-पुण्याला राहणारा आपल्या वसतिगृहाचा एखादा माजी विद्यार्थी हे करायला तयार असेल तरीही फुकट करून घेऊ नकोस. थोडे का होईना पैसे दे, करार कर, आणि त्याच्यासोबत दुसऱ्या एकाला शिकव. उपकारावर चाललेलं काम कुणाला वेळेवर मागता येत नाही.

ऑनलाइनच्या कोटेशनमधले पैसेही उलगडून बघ. दर माणसामागं आहे की दर नोंदीमागं? नोंदीमागं असेल तर दहा वर्षांपूर्वी एकदाच ११ रुपये दिलेल्या आजोबांचंही भाडं आपण भरत राहणार, आणि मग कुणीतरी म्हणेल की जुनी नावं काढून टाकू. ती काढायची नाहीत. डॉलरमध्ये किंमत असेल तर रुपया घसरला की आपोआप वाढ. वर १८ टक्के जीएसटी, आणि आपली जीएसटीत नोंदणी नसल्यामुळं तो परत मिळत नाही. पहिलं वर्ष सवलतीचं असतं. तिसऱ्या वर्षाचा दर काय, ते आजच लिहून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या वर्षी अनुदान आलं नाही, फी भरता आली नाही, तर आपली नोंद आपल्याला दिसते की कुलूपबंद होते? धर्मादाय संस्थांनी हिशेबाची पुस्तकं संबंधित कर आकारणी वर्ष संपल्यापासून १० वर्षं जपायची असा आयकराचा नियम २०२२मध्ये आला, नियम १७ए-ए. त्यात देणग्यांची नोंदही येते. तीन वर्षं भाडं भरून चौथ्या वर्षी दार बंद झालं, तरी उरलेल्या वर्षांची जबाबदारी आपल्यावरच राहते.

ऑनलाइन म्हणजे सुरक्षित, मोठी कंपनी म्हणजे आणखी सुरक्षित, असं विश्वस्तांपैकी कुणी म्हणालं तर त्यांना ब्लॅकबॉडची हकीकत सांग. अमेरिकेतली ही कंपनी देणगीदार-सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोठ्यांपैकी एक. २०२०मध्ये तिच्या सर्व्हरमध्ये चोर शिरले आणि हजारो संस्थांच्या, विद्यापीठांच्या, रुग्णालयांच्या देणगीदारांची माहिती घेऊन गेले. कंपनीला मे महिन्यात कळलं, तिनं खंडणी भरली आणि संस्थांना जुलैत सांगितलं. बँक खात्यांची माहिती गेलेली नाही असं आधी म्हटलं आणि नंतर काहींची गेली हे मान्य करावं लागलं. २०२३मध्ये ४९ राज्यांशी आणि वॉशिंग्टन डीसीशी तिनं ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड केली. यातला आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे: जे ग्राहक कधीच सोडून गेले होते त्यांचीही माहिती कंपनीनं ठेवून दिली होती, ती वेळेवर पुसली नव्हती, असं तिथल्या व्यापार आयोगानं म्हटलं. तेव्हा करारात दोन ओळी घालून घे. माहिती फुटली तर आम्हाला किती तासांत कळवणार, आणि आम्ही सोडून गेलो तर आमची नोंद पुसल्याचं लेखी पत्र किती दिवसांत देणार. आपल्याकडंही २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. सुरक्षेत हयगय झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली तरी देणगीदारानं ती आपल्या हातात दिली होती, जबाबदार आपणच. आणि आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवणं आजच बंद कर, कोणतंही सॉफ्टवेअर घे किंवा घेऊ नको.

तर माझा कौल ऐक. वर्षाला तीन-चारशे पावत्या असणाऱ्या संस्थेनं दोन्हीतलं काही घेऊ नये. टॅलीत हिशेब, एक नीट बांधलेली एक्सेलची वही आणि शिस्त, एवढ्यात भागतं. आपला पसारा त्याच्या पुढं गेला आहे, नंदुरबारचं ऑफिस, शहाद्याचं केंद्र आणि पुण्यातले पैसे गोळा करणारे मित्र तिघांनाही एकच यादी लागते, आणि संगणकाचा माणूस आपल्याकडं नाही. अशा संस्थेनं ऑनलाइनच घ्यावं, भारतात बनलेलं घ्यावं, आणि दर महिन्याला सगळी नोंद बाहेर काढून स्वतःच्या कपाटात ठेवावी. मशीनवरचं त्यानं घ्यावं ज्याचं काम एका खोलीत, एका माणसाच्या हातून होतं आणि ज्याच्याकडं सांभाळणारा कायमचा आहे. काही जुन्या संस्थांत असे लेखनिक आहेत, वीस-वीस वर्षं एका टेबलावर. त्यांनी आपली व्यवस्था मोडायचं कारण नाही.

दर महिन्याला नोंद बाहेर काढणं हे वाक्य सोपं आहे, करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. पैसे भरण्याआधी, चाचणीच्या काळातच, नोंद बाहेर काढ आणि सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघड. सगळे रकाने आले का? पावत्यांच्या प्रती आल्या का? ‘आईच्या स्मरणार्थ’, ‘मुलीच्या शिक्षणासाठीच वापरा’ असे शेरे आले का? बऱ्याच ठिकाणी नाव आणि रक्कम बाहेर येते आणि शेरे आतच राहतात, आणि देणगीदाराशी आपलं नातं त्या शेऱ्यांतच असतं.

इथं एक्सेलचे दोन खड्डे आहेत, ते माहीत असू दे. सीएसव्ही फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर देवनागरी नावांचा पुन्हा चिवडा दिसू शकतो. घाबरू नकोस, नोंद बिघडलेली नसते; एक्सेलमध्ये डेटा मेनूतून फाइल आत घे आणि युटीएफ-८ निवड, किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघड, ते उघडतानाच विचारतं. दुसरा खड्डा खोल आहे. आधारचे अंक १२. एक्सेल एवढी मोठी संख्या आपल्या मनानं आखडून ई+११ अशी दाखवतं, आणि तशीच सीएसव्हीत सेव्ह केली की शेवटचे अंक कायमचे गेले. आधारचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच फाइलला हात लाव. मूळ फाइल न उघडता वेगळी जप आणि काम प्रतीवर कर.

लॉगिन कुणाच्या नावावर, हे ठरवताना भीड ठेवू नकोस. मुख्य खातं संस्थेच्या ईमेलवर असावं आणि ओटीपीचा मोबाइल संस्थेच्या सिमचा असावा. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या जीमेलवर खातं उघडलं आणि तो सोडून गेला, की भांडण नसतानाही आपण महिनाभर दाराबाहेर राहतो. भांडण असलं तर विचारूच नकोस. प्रत्येकाला वेगळं लॉगिन, पावती रद्द करण्याचा अधिकार फक्त दोघांना, आणि कुणी कोणती नोंद केव्हा बदलली हे सॉफ्टवेअरनं लिहून ठेवलं पाहिजे. यात कुणावर अविश्वास नाही. एखाद्यावर नाहक बोट उठलं तर तीच नोंद त्याला वाचवते.

परदेशी पैशाबद्दल जरा कडक बोलतो. ऑनलाइन सॉफ्टवेअरसोबत वेबसाइटवर देणगीचं बटण येतं, आणि ते बटण परदेशी कार्डही घ्यायला तयार असतं. परदेशी देणगी फक्त एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि २०२०च्या दुरुस्तीपासून ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. साध्या खात्यात आलेला १० डॉलरचा प्रेमाचा पैसाही कायद्याचा भंग ठरतो. परदेशी कार्डं बंद करून घे. आपली काही मुलं अमेरिकेत, दुबईत आहेत, ती देणारच. भारतीय पासपोर्ट असलेल्याची स्वतःच्या बचतीतली, बँकेच्या नेहमीच्या मार्गानं आलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग तो जन्मानं तळोद्याचा का असेना. म्हणून देणगीदाराच्या नोंदीत नागरिकत्वाचा रकाना पाहिजे आणि पासपोर्टची प्रत जोडता आली पाहिजे. ते विचारताना माणूस दुखावला जातो कधीकधी. फोन करून, समजावून विचार, फॉर्म पाठवून नको.

रोख २,००० रुपयांच्या वर घेतलीस तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि ज्वारीच्या पोत्यांवरही मिळत नाही, कारण ती सवलत पैशाच्या देणगीलाच आहे. सॉफ्टवेअरनं अशा पावतीवर ८०जीचा मजकूर आपोआप छापता कामा नये. पण पोत्यांची नोंद मात्र व्हायलाच हवी, वजनासकट, आणि पावतीही गेली पाहिजे. सुगीत धान्य देणाऱ्याला कर भरायचा नसतो. त्याला आपलं नाव संस्थेच्या कागदावर हवं असतं, आणि तो त्याचा हक्क आहे.

आठवणीच्या तारखांचं एक सांगायचं राहिलं. देणगीदाराला वाढदिवसाचा, पुण्यस्मरणाचा संदेश पाठवायची सोय बरीच सॉफ्टवेअरं देतात, पण तारखेनं. आपल्याकडं वडिलांचं श्राद्ध तिथीनं असतं. आणि खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरली जाते, तेव्हा कितीतरी घरांतून संस्थेसाठी हात मोकळा होतो. अक्षय्य तृतीया दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. यंत्राला तिथी कळत नाही. नोंदीत तिथीचा एक साधा रकाना करून घे, आणि दरवर्षी नवी दिनदर्शिका हाती आली की एक दुपार बसून त्या वर्षाच्या तारखा भर. आणि आखाजीच्या आधी ज्यांना फोन करता येईल त्यांना फोनच कर. आपोआप गेलेला संदेश शंभर जणांना एकच असतो, हे लोकांना कळतं.

विश्वस्तांनी काहीही ठरवलं तरी मार्चमध्ये सुरू करू नकोस. १ एप्रिलला नवी पावतीमालिका, नवा उपसर्ग, आणि त्या दिवसापासूनच्याच पावत्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये. ३१ मार्चपर्यंतचं १०बीडी जुन्या पद्धतीनंच भर, दोन्ही मिसळू नकोस. जूनअखेरपर्यंत कागदाची नोंदवही समांतर चालू दे आणि दर शनिवारी दोन्हींची बेरीज बँकेच्या पासबुकाशी जुळवून बघ. चेक मार्चचा आणि जमा एप्रिलची, अशा पावत्या कोणत्या वर्षात धरायच्या ते सीएंना आधीच विचारून त्यांची यादी वेगळी ठेव. घोळ होतो तो त्या दहा-पंधरा पावत्यांतच.